गाडीचा मधला सांगाडा

नाशिक, ३ ऑगस्ट २०२५

ती. इंदिराताईस,
यशोधनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, ते एका परीने बरंच. बोलताना मला रडू कोसळलं असतं.

आबांच्या अठ्ठेचाळीस सालच्या गाडीचं काम पुन्हा काढलं आहे. चेसीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, मधला भाग गंजून गेला होता, तो नवा घडवायचा आहे. अंबडचा फॅब्रिकेटर सोमनाथ विचारतो, कोणता बांधू? एक आराखडा तनयने अपघाताआधी काढलेला. त्यात मधोमध लोखंडाची फुली आहे. मजबूत, पण तिच्यामुळे गाडीचा तळ उंच राहतो. दुसरा शिडीसारखा, दोन सरळ दांड्यांचा. त्यात तळ चार इंच खाली येतो, म्हणजे व्हीलचेअरवरून सरकून सीटवर बसता येईल.

दुसरा निवडला की माझा मुलगा चालणार नाही, हे मी कबूल केल्यासारखं. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय. तेव्हापासून तनय खोलीबाहेर आलेला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. त्याला काय विचारू? यशश्री त्याची आई, पण तीही म्हणते, गाडी विकून मोकळे व्हा. काल मी सोमनाथला फुलीच जोडायला सांगितलं. चुकलो का गं?

तुझा,
यशोधन


पुणे, ९ ऑगस्ट २०२५

चि. यशोधन यास,
अ. उ. आ.

चुकलास. रागावून ताटावरून उठू नकोस, लहानपणी उठायचास तसा.

माझे कान गेले तेव्हा तुम्ही सगळे दोन वर्षं म्हणत होतात, येईल ऐकू. मोठमोठ्याने बोलायचात, मी नुसती मान डोलवायचे. इतकी एकटी मी हे गेले तेव्हाही नव्हते. मग अकरा वर्षांचा तनय सुट्टीत आला. दोन दिवस त्याने पाहिलं आणि वही पुढे केली. आत्या, आता आपण लिहूनच बोलू. त्या दिवशी मी पोटभर रडले आणि पोटभर जेवलेही.

दोन्ही कागद घेऊन त्याच्यापुढे जा. फेकले तर फेकू दे. यशश्रीला जप.

तुम्हा तिघांची वाट पाहणारी,
ताई


नाशिक, २४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. फुली जोडून झाली, हेही सांगितलं. तनयने दोन्ही कागद पाहिले. मग म्हणाला, बाबा, ती कापा. मी म्हटलं, वर्षभर थांबून पाहू. तर म्हणाला, मी रोज सकाळी पाय हलवून पाहतो, तुम्हीच पाहत नाही. आणि उशीत तोंड खुपसून रडला. आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. आत जायचा धीर झाला नाही.

चार दिवसांनी त्याने पेन्सिल मागितली. शिडीला तीन आडव्या पट्ट्या पुरणार नाहीत, पाच घाला, एवढंच बोलला.

काल त्याला उचलून वर्कशॉपमध्ये नेलं. सोमनाथने ग्राइंडर माझ्या हाती दिला आणि तो बाजूला झाला. फुली मीच कापली. ब्लेड खुणेवरून सरकलं की तनय खुर्चीतून सांगायचा, बाबा, डावीकडे. शेवटचा तुकडा पडला तेव्हा त्याने तो मांडीवर मागून घेतला. गरम होता. पायांना काही कळलं नाही. ते मी पाहिलं आणि त्याने मला पाहताना पाहिलं.

तो चालणार नाही, ताई.

उद्या पट्ट्या कापायच्या आहेत. मापं तो देणार आहे.

तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

यशोधन