माझ्या डोहातल्या अळ्या

तीर्थरूप वर्ला मावशीस लवीनाचा वाकून नमस्कार. (गुडघा वाकू देत नाही, तेव्हा तो कागदावरच मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? ओकलंडच्या डॉक्टरने रोज चालायला सांगितलंय, ते चालतेस की खिडकीत बसून शेजाऱ्यांवर पाळत ठेवतेस? इकडे सगळं क्षेम. पाऊस थांबत नाही, छप्पर नेहमीच्याच जागी गळतं, आणि तुझी भाची सध्या क्लॅमथ नदीच्या दोन्ही काठांवर अळ्यांची मालकीण म्हणून प्रसिद्ध आहे. डेल्मारने तुला फोनवर तिखटमीठ लावून काहीतरी सांगितलंच असेल. (माझ्या मामाचा, म्हणजे तुझ्या भावाचा मुलगा म्हणून तुला त्याचा भारी पुळका.) आता खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

गेल्या वसंतात समुद्राकडे निघालेली सॅमन माशांची पिलं कशी मेली ते मी तुला तेव्हा कळवलं होतं. बोटभर लांबीची पिलं, पोटं टम्म फुगलेली, आपल्या डोहात पाणी जिथे उलटं फिरतं तिथे येऊन गोल गोल तरंगत होती. मी रोज सकाळी जायची आणि रोज रडून परत यायची, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग विद्यापीठातले एक शहाणे आले, डॉ. पेम्बर्टन. त्यांनी सांगितलं की हा आजार एका माशाकडून दुसऱ्या माशाकडे जातच नाही. तळाच्या खडकांवर चिखलाची नळी करून एक अळी राहते, पापणीच्या केसाएवढी. आजार आधी तिच्या पोटात वाढतो, तिच्याकडून माशाला होतो, आणि मासा मेला की पुन्हा तिच्याकडे जातो. म्हणून आधी या अळ्या कुठे किती आहेत ते मोजायचं. इथवर माणूस बरा बोलला. पण मोजायला नदीत उतरला तो असले कोरे करकरीत बूट घालून, की पहिल्याच शेवाळावरून घसरून थेट बसला. (आम्ही काठावर चौघीजणी होतो. हसलो नाही. घरी जाऊन हसलो.)

त्यांना हव्या होत्या संथ पाण्याच्या, चिखल साचणाऱ्या जागा. म्हणजेच आपले डोह. आता नदीवर जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही कळतं की प्रत्येक डोहाला घर असतं आणि त्या घराला विचारल्याशिवाय तिथे जाळंच काय, पायही टाकायचा नसतो. पेम्बर्टनसाहेबांनी विचारलं, नाही असं नाही. पण कुणाला? डेल्मारला! काठावर जो पहिला टोपीवाला दिसला त्याच्यापुढे आपल्या डोहाचा कागद धरला, आणि आपल्या बंधुराजांनी 'डोहाचे मालक' या ओळीपुढे झोकदार सही ठोकली. मामा लग्न करून मामीच्या डोहावर गेला त्याला साठ वर्षं झाली. तो डोह डेल्मारला मिळाला, त्याने भागेना, आता आईकडून मला आलेल्या डोहावर डोळा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी गप्प बसणारी नव्हे. प्रकरण आपल्या जमातीच्या सभागृहात नेलं, म्हाताऱ्यांपुढे. तिथे उभं राहून पणजीपासून सगळा वंश म्हणून दाखवला आणि तळाचे सातही खडक नावानिशी सांगितले. वर हेही सांगितलं, की हे खडक आमचे, खडकांवरचं शेवाळ आमचं, शेवाळातला चिखल आमचा आणि त्या चिखलात जे काही राहत असेल तेही आमचं. (हे शेवटचं वाक्य नसतं बोलले तर चाललं असतं.) डेल्मार टोपी फिरवत बसून राहिला. एक अक्षर बोलला नाही. त्याची सही खोडली, तिथे माझी झाली, आणि साहेबांच्या नकाशावर त्या जागेचं नाव पडलं 'लवीनाचा डोह'. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

मग त्यांनी तळ खरवडला, बाटल्या भरल्या, नदीभर अकरा जागी असंच केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक अळी मोजत बसले. (शिकून शिकून माणूस कुठे पोचतो बघ.) जानेवारीत त्याच सभागृहात निकाल लागला. भिंतीवर नकाशा आणि प्रत्येक जागेवर लाल गोल. बाकीचे गोल वाटाण्याएवढे. माझा ताटाएवढा. आणि त्या ताटात ठळक अक्षरांत माझं नाव! साहेब अगदी खुशीत म्हणाले, “लवीनाच्या डोहाने आम्हाला थक्क केलं.” मागून कोणीतरी ओरडलं, “लवीनाताई, चिखलात राहतं ते कुणाचं गं?” सभागृह कोसळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आणखी काय असतं?

हसले त्याचं काही नाही. मीही त्यांना कमी हसलेले नाही. पण त्या दिवशी मी धुरवलेल्या सॅमनचं तबक नेलं होतं, आईच्या पद्धतीचं. तो आजार माणसाला होत नाही हे साहेबांनी दोनदा सांगितलं. तरी म्हाताऱ्यांच्या टेबलावर ओकफळांची पेज संपली आणि माझं तबक जसंच्या तसं राहिलं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी तबक तिथेच टाकून घरी आले. जी पिलं मेली म्हणून मी रडत होते ती माझ्याच खडकांवरच्या अळ्यांमुळे मेली, हे त्या रात्री डोक्यातून जाईना. बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझी,
लवीना

ता.क. एक बारीकशी गोष्ट राहिली. त्या पिढीतली आता तू एकटीच, तुझा शब्द कोणी मोडणार नाही. तेव्हा दोन ओळी लिहून पाठव, की डोह पहिल्यापासून आई आणि मामा दोघांचा. म्हणजे निम्म्या अळ्या डेल्मारच्या होतील. भावंडांत वाटणी रास्त असावी.

ता.क. २. वरची ओळ खोडली आहे असं समज. दरड कोसळून रस्ता बंद झाला, पत्र तीन आठवडे इथेच पडून आहे. दरम्यान अळ्या धुऊन काढायला वरच्या धरणातून मुद्दाम मोठं पाणी सोडलं. दोन दिवस नदी अशी गरजली की भांडी वाजत होती. खडक घासून लख्ख निघाले. पेम्बर्टनसाहेब पुन्हा आले, या वेळी आधी माझं दार वाजवून आणि जुने बूट घालून. त्यांनी पुन्हा खरवडून मोजलं, अळ्या पार थोड्या उरल्यात. तेव्हा डोह पूर्ण आईचा असंच लिही, आणि लवकर लिही. डेल्मार दोनदा येऊन पाणी बघून गेलाय.

ता.क. ३. रस्ता उद्या सुटतोय. काल वसंतातला पहिला सॅमन आला. त्याच सकाळी डेल्मार वाळूवर उभा होता, टोपी हातात. साहेबांदेखत मला रीतसर विचारलं, “लवीना, तुझ्या डोहात जाळं टाकू का?” हे ऐकायला मी जन्मभर तळमळले. आणि ऐकल्यावर नुसती होकाराची मान हलवली. मग त्याने गाडीतून माझं तबक काढलं, धुऊन पुसलेलं. म्हणाला, “सगळं संपवलं मी. मीठ जरा जास्त होतं.” आणि जाळं सोडता सोडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “सभेत सात नावं सांगितलीस. आत्या तर चारच सांगायची.” मावशी, आईने मला चारच सांगितली होती. उरलेली तीन मी तिथल्या तिथे रचली. त्याला तेव्हाच कळलं होतं आणि तो म्हाताऱ्यांपुढे गप्प बसला. तेव्हा डोह कुणाचा ते तू लिही अथवा नको लिहू. पण त्या तीन खडकांची खरी नावं आठवत असली तर तेवढी कळव. आम्ही दोघं कालपासून त्यांच्याकडे बघत बसलोय, दोघांपैकी एकालाही येत नाहीत.