वर्गातली वेगळी खुर्ची

गुरुवार, संध्याकाळ

शेटे सरांच्या वर्गात आज माझ्यासाठी वेगळी खुर्ची मांडली होती. वर धुतलेला टॉवेल. डोक्यातून जातच नाही.

प्राध्यापकांच्या तासाला बसून त्यांना शिकवणं सुधारायला मदत करायची, हे कॉलेजातलं माझं काम. इतकी वर्षं मागच्या बाकावर पोरींमध्ये बसायचे, तास संपला की चहावर त्या प्राध्यापकांशी बोलणं व्हायचं. यंदापासून प्राचार्यांना माझं मत लेखी हवंय. कंत्राटी प्राध्यापकांना पुढं ठेवायचं की नाही, ते त्यावरून ठरणार. शेटे सर कंत्राटीच.

एरवी ते मागणी-पुरवठा शिकवतात तो घोडेगावच्या बाजारातल्या शेळ्यांच्या भावावरून. वर्ग रंगतो. आज मात्र नुसत्या स्लाइड वाचून दाखवल्या. पोरं गप्प.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, आज शेळ्या कुठं गेल्या?"

ते हसले नाहीत. "तुमच्यासमोर शेळ्या चालतील का, तेच कळंना मॅडम. तुमी आता मदतीला येता का तपासायला?"

मदतीला, असं म्हणायला जीभ रेटेना. सोमवारी मत द्यायचंय. आज पाहिलं ते लिहू, का एरवीचं?

आणि ती खुर्ची. मागच्या बाकावर पोरींनी सरकून जागा केली होती. मी खुर्चीत बसले.