दांगग्वीचा धूर

मिनश्यान,
१८ नोव्हेंबर २००९

चि. योंगलू,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते. माझे गुडघे थंडीत कुरकुरतात, बाकी ठीक. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

यंदा दांगग्वीची औषधी मुळं छान पोसली. फुलावर गेलेली रोपं मी उन्हाळ्यातच उपटली होती. फूल धरलं की मुळाचं लाकूड होतं, तुला वेगळं सांगायला नको. बर्फाच्या आधी सगळं खणून झालं. आता मुळांच्या जुड्या धुराच्या खोपीत माळ्यावर चढल्यात आणि खाली विलोच्या ओल्या फांद्या धुमसतायत. एकटीनं हे झालं नसतं. माती झाडायला, जुड्या बांधायला यंदा घरात आणखी दोन हात होते.

कुणाचे, ते तुला कळलं असेलच.

"सूछिन तिकडे आलीय का?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी "नाही" म्हटलं. तेव्हा तुझी बायको माझ्यासमोर चुलीपाशी बटाटे सोलत होती. पुन्हा विचारलं असतंस तर पुन्हा खोटं बोलले असते.

लानझोउच्या बसमधून उतरली तेव्हा तिला सातवा सरत होता. सप्टेंबरचं ऊन आणि गळ्याला मफलर. म्हणाली, "जिन्यावरून पडले, आई." मी मफलर सोडवला. जिन्याला बोटं नसतात, योंगलू.

मी तिच्यासाठी नूडल्स केल्या. तिनं दोन वाट्या खाल्ल्या आणि जागीच झोपली.

या महिन्याच्या सुरुवातीला तू देशानमामाला पाठवलंस. माझा सख्खा भाऊ, पण आला तो तुझा वकील होऊन. अंगणात शेजारच्या बायका जुड्या बांधत बसलेल्या. त्यांच्यादेखत म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील? अगं, संसारात भांड्याला भांडं लागायचंच."

मी म्हटलं, "भांड्याला भांडं लागलं की दोन्ही वाजतात रे. इथं एकच चेपलंय."

बायका हसल्या. तो चिडला. मग त्यानं तुझा निरोप काढला: आपल्या मुळीचं नावच सांगतं, 'परत यायला हवं', आईनं जन्मभर तीच पिकवली, तिला कळायला हवं.

फार हुशारीचा निरोप. पण जुने वैद्य काय म्हणायचे ते तुझ्या आजोबांनी तुलाही सांगितलं होतं. भटकलेलं रक्त या मुळीनं आपल्या जागी परत येतं, म्हणून ते नाव. बाईनं मार खायला परत जावं म्हणून नव्हे. हे मी देशानला सांगितलं. तरी तो खोपीकडे निघाला, कारण सूछिन आत होती हे त्यानं ताडलं होतं. मी तिला मागच्या दारानं शेजारी पाठवलं, विस्तवावर ओल्या फांद्यांचा भारा टाकला आणि पुढचं दार त्याच्यासाठी सताड उघडलं.

"ये, शोध."

खोकत, डोळे चोळत बाहेर आला. "ताई, तू वेडी झालीस!"

"झाले असेन. चहा घेणार?"

न घेताच गेला.

त्यानंतर आठवड्याभरात ती बाळंत झाली. मुलगी. तालुक्याच्या दवाखान्यात, भर दुपारी. मी बाहेर उभी होते. रडणं ऐकलं आणि भिंतीला धरून मीही रडले. पोटुशी होती तोवर तिला मुळीचा नुसता वास घेऊ दिला होता. डॉक्टरीणबाईंनी आता चालेल म्हटल्यावर आलं आणि दांगग्वी घालून मटणाचं सूप केलं, वर्षातली सगळ्यात जाड मुळी घालून. व्यापारी त्याच मुळीवर डोळा ठेवून होता. त्याला म्हटलं, बस बघत. सूछिननं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे, आई." मी म्हटलं, "पी मुकाट्यानं." तेव्हा ती हसली. इथं आल्यापासून पहिल्यांदा.

मुलीचं नाव आन ठेवलंय, म्हणजे सुखरूप. आडनाव सूछिनच्या माहेरचं लावलंय. देशान फोनवर म्हणाला, तुमच्या हौ घराण्याचं नाक कापलं. कापलं तर कापलं. त्या घराण्याचं नाव मीही लग्नानंतर जन्मभर सांभाळलंय. त्याचं काय करायचं, एवढा हक्क मला आहे.

लेकीला बघायचं असेल तर ये. दिवसा ये, न पिता ये, आणि फाटकाबाहेरून हाक मार. दार उघडायचं की नाही ते सूछिन ठरवेल. तिनं नाही उघडलं तर मी तुझी बाजू घेणार नाही. जेवण मात्र बाहेर आणून देईन. तू माझा मुलगा आहेस हे विसरता आलं असतं, तर हे सगळं किती सोपं झालं असतं.

आधी सूछिनची, मग तुझी,
आई