मालकाच्या हातचा केक

ती. बाबा,

लांबूनच वाकून नमस्कार. आम्ही तिघं मजेत. तुमचा गुडघा कसा आहे?

इथल्या आमच्या बेसबॉल क्लबला नवा मालक आलाय. प्रेक्षकांचा जुना लाकडी स्टँड पाडून बड्या पाहुण्यांसाठी काचेच्या खोल्या बांधायच्या का, यावर परवा आम्हा फॅन लोकांचं मतदान होतं. आणि मालक स्वतः दारात उभा राहून केक वाढत होता! मला लगेच तुमची कंपनी आठवली. खंडेनवमीला शेठ हाताने जिलबी वाढत फिरले आणि दिवाळीनंतर गेटला कुलूप.

मी केक घेतलाच नाही. म्हटलं, खाल्ल्या मिठाला जागावं लागेल. शेजारच्या फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई, वीस वर्षं त्याच स्टँडवर बसतात. त्यांनी दोन तुकडे खाल्ले, तोंड पुसलं आणि सरळ विरोधात हात वर केला. मग मीही केला, उपाशीपोटी.

सध्या स्टँड वाचलाय. पण मालक अजून हसतोच आहे, ते काही मला बरं दिसत नाही.

तेव्हा शेठनी पुढे केलेल्या राजीनाम्यावर तुम्ही भरपाईही न मागता सही केलीत, 'त्यांच्या हातचं खाल्लंय' म्हणून. बाबा, जिलबी खाऊनसुद्धा नाही म्हणता आलं असतं हो.

तुमचा,
हृषिकेश