कोपऱ्यातली बाई

रविवार, ७ फेब्रुवारी १९५४
काल कल्याणला तीनच्या खेळाला जाऊन नवं भुताचं चित्र पाहून आलो. नाव लांबलचक आहे, मी आपलं 'विहीर' म्हणणार. हवेली, नवी नवरी, विहिरीत जीव दिलेली पहिली बायको. मसाला नेहमीचाच. पण दिग्दर्शकाने काय केलंय! भूत दाखवलंच नाही. पार शेवटच्या प्रसंगापर्यंत मोकळे केस नाहीत, पांढरं पातळ नाही. नवरी ओसरीवर एकटी विडे लावत बसते आणि थिएटरातल्या बायका पदर तोंडात कोंबून किंचाळतात. कशाला? नवरी सोडली तर समोर नुसती रिकामी ओसरी.

याला म्हणतात भय. इतकी वर्षं भुताखेतांची चित्रं पाहतोय म्हणून लोक मला हसतात. समाजसुधारणेची चित्रं सोडून हा पोरकट नाद कशाला, म्हणतात. आता वाचा म्हणावं. एका बैठकीत परीक्षण लिहिलं, मथळा 'न दिसणारं भूत'. उद्या ठाण्याला खऱ्यांच्या साप्ताहिकात नेऊन देणार.

चहाचा कप आज परत कोपराने लवंडला. कमल म्हणाली, डोकं थिएटरात ठेवून आलं की हात असेच चालायचे.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी
अंक निघाला. परीक्षण पहिल्या पानावर. स्टेशनवर कॉलेजातले एक प्राध्यापक भेटले, म्हणाले, तुम्ही फार खोलात गेलात, भूत म्हणजे त्या नवरीचं मनच, हे तुम्हीच ओळखलंत. मी मान डोलावली. असं काही मी लिहिलेलं नव्हतं, पण बरं वाटलं.

रविवार, १४ फेब्रुवारी
सकाळी हिरामण पाटील वर आले. आमच्या चाळीचे मालक. वडिलांची मिठागरं होती, आता यांच्या चाळी आहेत, आणि भुताचं एकही चित्र चुकवत नाहीत. त्या बाबतीत आमची जात एकच. त्यांच्या मुलीने त्यांना माझं परीक्षण वाचून दाखवलं होतं.

"भाऊ, तुमी मदीच उठून गेलता का?" म्हणाले. "ती बाई त पयल्या गान्यापासून कोपऱ्यान उबी होती. आख्ख्या थेटरान बगली."

मी हसलो. पाटलांना चेष्टेची खोड आहे. पण ते हसत नव्हते. खालच्या वाण्याच्या बायकोला सहज विचारलं, तीही तेच म्हणाली. प्रत्येक प्रसंगात एका कडेला उभी असते, कधी खांबाआड, कधी दाराशी. ओलं लुगडं. मधोमध कधीच येत नाही, तीच तर गंमत आहे, म्हणाली.

जेवण गेलं नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी
पुन्हा कल्याण, पुन्हा तीनचा खेळ. मुद्दाम मधल्या रांगेत बसलो. पहिलं गाणं. नवरी झोपाळ्यावर. कोणी नाही. शेजारची बाई कण्हली. मग मी नवरीवरून नजर काढली आणि मान डावीकडे वळवली, कोंबडी वळवते तशी.

होती.

दाराच्या चौकटीला टेकून उभी. नवरीकडे पाहत नव्हती, आमच्याकडे पाहत होती. मी मान सरळ केली. गेली. पुन्हा वळवली. तिथेच. म्हणजे त्या दिवशीही सबंध वेळ ती तिथेच उभी होती, आणि मी तिच्या नसण्याची तारीफ लिहीत होतो.

मध्यंतरात उठून बाहेर आलो. सरळ लिहितो, भ्यालो. जन्मभर हौसेने भीत आलो, तिकीट काढून. हे तसलं नव्हतं.

परत येताना फलाटावर उजवीकडून हमाल आला तो दिसलाच नाही. त्याच्या डोक्यावरचं गाठोडं खांद्याला लागलं. तो शिव्या देत गेला. मी तिथेच उभा, आणखी काय काय कडेला उभं असेल याचा विचार करत.

शनिवार, २० फेब्रुवारी
खऱ्यांकडे वाचकांच्या तक्रारींचा ढीग. खरे सज्जन, पण संपादक. म्हणाले, डुलकी लागली होती का हो? हो म्हणून टाकलं. सोपं वाटलं. पुढचं चित्र डोळे उघडे ठेवून पाहा, म्हणाले.

घरात एक खेळ करून पाहिला. समोरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहायचं आणि बाजूला काय दिसतं ते सांगायचं. खुंटी नाही. कोनाडा नाही. कमल केव्हा दारात येऊन उभी राहिली तेही नाही. तिने हाक मारली तेव्हा मी ओरडलो. काय झालं, म्हणाली. काही नाही म्हटलं.

सोमवार, २२ फेब्रुवारी
ठाण्याला तलावपाळीजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. कमलला सांगितलं, खऱ्यांकडे जातो.

डॉक्टर समोर बसले, माझ्या नाकाकडे पाहा म्हणाले, आणि दोन्ही बाजूंनी बोटं हलवत पुढे आणू लागले. दिसली की सांगा. बोटं जवळजवळ त्यांच्या कानांशी आली तेव्हा मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला तो मात्र स्पष्ट दिसला. तो मधोमध होता.

काचबिंदू. कडेकडेने नजर खात येतो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलं ते परत नाही. उरलेलं ऑपरेशनने वाचेल, बहुधा. ऑपरेशनातच तेही जायची भीती असते. तोवर थेंब घालायचे आणि लवकर ठरवायचं.

तलावाच्या कट्ट्यावर बसून राहिलो. दुपारचं ऊन, भेळवाला, मुलं. सगळं एका नळीतून. ही नळी कधीपासून आहे? कोणती चित्रं मी पुरी पाहिली आणि कोणती नाहीत? ते आता कोण सांगणार?

गुरुवार, ४ मार्च
थेंबांनी अंधार वाढतो. बाहुली आकसते, म्हणाले डॉक्टर, अंधारात जरा कमी दिसेल. जरा! काल थिएटरात खुर्ची चाचपडत शोधली, एका गृहस्थाच्या मांडीवर बसायचा राहिलो. पडदा म्हणजे मेणबत्तीवर दिसावं तसं काहीतरी. थेंब घालावेत तर चित्र जातं, न घालावेत तर डोळे जातात. आज तीनच्या खेळाआधी थेंब घातले नाहीत. चोरी केल्यासारखं वाटलं.

घरी आलो तर कमल बाटली हातात घेऊन बसलेली. कपाटात धोतरांमागे ठेवली होती.

सगळं सांगितलं. ती रडेल वाटलं होतं. तिने बाटली दिव्याशी धरून किती थेंब उरलेत ते पाहिलं. मग म्हणाली, "कप सांडायला लागलात तेव्हाच मी समजायला हवं होतं. मी तुम्हाला वेंधळे म्हणत राहिले." मलाच रडू आलं.

रविवार, १४ मार्च
कमल भुताच्या चित्राला कधी येत नाही. लग्न झाल्यावर एकदा नेली होती, आठवडाभर दिवा मालवू दिला नाही. आज स्वतःहून निघाली. म्हणाली, कडेचं मी सांगते, मधलं तुम्ही बघा. थेंब मात्र माझ्यासमोर घालायचे.

डोंबिवलीहून कल्याणला गेलो. चित्र सामान्य, स्मशान आणि मांत्रिक. पण कमल! सबंध वेळ कानाशी कुजबुज. उजवीकडे समई आहे, वात एकच. डावीकडे म्हातारी, नऊवारी जुनं आहे पण काठ जरीचा, ही नोकर नसणार. आता खिडकीत हात आलाय. हात म्हणताना तिने माझं मनगट आवळलं, पण तिने काही वगळलं नाही. मागचे लोक शुक शुक करत होते. म्हातारी घरचीच निघाली, शेवटी. मला ते काठावरून कळलं नसतं, डोळे धड असतानाही.

परीक्षणात काठ घातला. खरे खूष.

बुधवार, १७ मार्च
डॉक्टरांनी पुन्हा बोटं हलवली. आणखी आत आलंय. आता थांबू नका, म्हणाले. सोमवारी आधी डावा डोळा. तो निभावला तर उजवा. पट्टी मात्र दोन्ही डोळ्यांवर, हलायचं नाही.

हो म्हणून आलो. पाटील म्हणाले, "घाबरू नका भाऊ, बरं झाल्यावर पयलं भुताचंच पिक्चर दोघं जाऊ." मग हळूच कमलला विचारत होते, खरंच दिसेल ना म्हणून. मला ऐकू नीट येतं.

खऱ्यांच्या कचेरीत एक परदेशी मासिक चाळलं. तिकडे घरात पेटीवर चित्र दिसतं, टेलिव्हिजन म्हणतात. फोटोत पडदा पाटाएवढासुद्धा नाही. एवढा मला पुरेल. इथे यायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

रविवार, २१ मार्च
उद्या सकाळी जायचं. म्हणून आज ठाण्याला शेवटचं, नको, आज ठाण्याला एक चित्र पाहिलं. तीनचा खेळ, कमल डाव्या हाताला. चित्र चांगलं आहे. ओसाड डाकबंगला, एक प्रवासी, पाऊस. भूत कोणाचं ते सांगतच नाहीत. कमल आता तरबेज झाली आहे, थोडक्यात सांगते. उजवीकडे जिना. डावीकडे आरसा, झाकलेला. आरशावरचं कापड हललं.

मग प्रवासी खुर्चीत बसला, अगदी मधोमध, आणि दिव्याकडे पाहत राहिला. पुढच्या रांगेतली माणसं एकदम ताठ झाली. थिएटरात खोकणंसुद्धा थांबलं. कमल गप्प.

"डावीकडे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

तिचा हात गार पडला होता. मला मान वळवता आली असती. एवढीशी तर वळवायची होती. वळवली नाही. वळवली असती तर तिच्यावर विश्वास नाही असं झालं असतं, आणि पट्टी बांधल्यावर माझ्यापाशी दुसरं काय राहणार आहे? ती सांगेल तेवढंच दिसणार. आजवर तिने भीत भीत का होईना, सगळं सांगितलं. आज पहिल्यांदा गाळलं.

काय असेल? मला भिववायचं नसेल. की तिच्याच तोंडून ते निघेना? गाडीत विचारलं नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती.

परीक्षण अर्धं लिहून ठेवलंय. डाव्या बाजूची जागा कोरी आहे. दिवेलागण झाली, आता अक्षरंही ओळ सोडून जातायत. कमल आत उद्याची पिशवी भरते आहे, पेला, टॉवेल, दोन धोतरं, एकेक मोठ्याने म्हणत. मी इथूनच विचारलं, काय होतं गं तिथे?

तिचं म्हणणं थांबलं. पिशवीचा आवाजही थांबला. अजून उत्तर आलेलं नाही. ती आतच आहे, की येऊन माझ्या बाजूला उभी आहे, तेही मला