लॅम्प गुरुजींचं घर

नाशिकरोड,
५ ऑगस्ट १९८१

चि. सौ. विमल हिस,
सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. जावईबापूंच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं; आता तरी त्यांनी लिलावाच्या गर्दीत कांद्याच्या गोण्यांवर चढणं सोडावं.

आनंदाची बातमी म्हणजे आमच्या लेकीला, उत्तराला, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टंकलेखकाची जागा मिळाली. जागा राखीव आहे, म्हणून जातीचा दाखला ३१ तारखेच्या आत द्यायचा. नाही तर यादीतलं पुढचं नाव घेतील. पोर दोन दिवस धड जेवलेली नाही.

दाखल्यासाठी मी काल कचेरीत गेलो. तिथले साहेब सभ्य. माझं शाळेचं प्रमाणपत्र पाहून हसले, मग ओशाळले. म्हणाले, गुरुजी, लॅम्प हा इंग्रजी शब्द, तुम्ही ख्रिस्ती की कोण हे मी कशावरून ठरवू? गावच्या दप्तरात तुमच्या वडिलांचं आडनाव निराळंच आहे. ते नाव लावणारा सख्खा भाऊ असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणा, की आम्ही दोघं एका बापाचे.

भाऊ आहे. एकोणतीस वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. बाच्या समाधीच्या दगडावर मी ‘काळू राणू लॅम्प’ कोरलं, त्या दिवसापासून. पण तुझं तो ऐकतो. सोबत मसुदा आहे, त्यावर त्याचा अंगठा घे. नावाची हकीकतही त्यात थोडक्यात, म्हणजे दीड पानात, घातली आहे. वादळी संध्याकाळ, बा सिग्नलच्या शिडीवर, वारा दिवा विझवू पाहतोय, आणि खाली गोरा स्टेशनमास्तर टोपी काढून म्हणतो, आजपासून तू लॅम्प! तिसरीच्या मुलांना दिव्याची कविता चालीवर शिकवताना दरवर्षी मला तीच शिडी दिसायची.

उत्तर लगेच धाड. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझा भाऊ,
जयराम

लासलगाव,
१२ ऑगस्ट १९८१

ती. जयरामभाऊ यांस,
विमलचा जयभीम. वि. वि.

लिलावाहून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवर बसून मी परवा दादाच्या गावी गेले. दादा गोठ्यात होता. तुमचं नाव काढलं तर म्हशीला वैरण टाकत राहिला. उत्तराचं सांगितलं तेव्हा मात्र खाटेवर येऊन बसला आणि आपल्या नातीला, सुधाला, म्हणाला, वाच.

सुधानं वाचलं. एका बापाचे, हे आलं तेव्हा त्यानं मान डोलावली. मजकुरात गोरा साहेब आला तसा कागद तिच्या हातातून घेतला आणि फाडला. चार तुकडे. म्हणाला, पोरीसाठी दहा अंगठे देईन, पण खोट्यावर अर्धाबी नाय. कोण साहेब, कसलं वादळ? नाव देणारा जित्ता हाय, नाशिकरोडला पेन्शन खातोय. त्यानं खरं लिहावं, मग बघू.

भाऊ, हे काय आहे? हीच गोष्ट सांगून तुम्ही मला निजवलंत. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलीत, ते रडले होते.  आता उरले एकोणीस दिवस. तुमची कविता नंतर बघू, आधी पोरीचं बघा.

वहिनींना जयभीम. रागानं लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाला.

तुमची,
विमल

नाशिकरोड,
१६ ऑगस्ट १९८१

ती. मल्हारीदादा यांस,
आदरपूर्वक जयभीम. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहिलं. तीन वेळा त्यात वादळ आलं. हे चौथं.

गोरा साहेब नव्हता. वादळही नव्हतं. जून महिन्यातली लख्ख सकाळ होती. शाळेत मास्तर एकेका पोराला आडनाव विचारत होते आणि वहीत लिहीत होते. आपलं जात कळणारं गावकीचं नाव सांगितलं की वर्गाबाहेर ओसरीवर बसायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. बा सिग्नलचे दिवे लावायचा, म्हणून त्याला स्टेशनावर सगळे लॅम्पवाला म्हणत. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, लॅम्प. मास्तरांना वाटलं, रेल्वेतलं कुणी असेल. मी आत बसलो, खिडकीशी. तिथून कविता ऐकू यायची.

बाला मी कधी सांगितलं नाही. गोष्ट पुढे रचली, आधी एका संमेलनासाठी. मग ती इतक्यांदा सांगितली की शिडीचं गार लोखंड माझ्या तळहाताला लागायला लागलं.

मला तुमची लाज वाटत नव्हती, असं इथं लिहिलं होतं. खोडलं. वाटत होती. आठ वर्षांच्या पोराला ती माफ असेल. पण मी मोठा झालो, मास्तर झालो, तरी ती चालीवर म्हणत राहिलो.

अंगठा मला देऊ नका. उत्तराला द्या. ती रोज टपालाच्या वेळेला दारात उभी असते.

लोभ मागायचा हक्क मला नाही, तरी मागतो.

तुमचा धाकटा,
जयराम

गावाहून,
२२ ऑगस्ट १९८१

जयराम यास जयभीम.
बोल माझे हायेत, सुधा लिहितेय.

तुझा कागद दोनदा वाचून घेतला. आता तुला ठाऊक नाय ते ऐक. तू शाळेत गेल्यावर आठ दिसांनी मास्तरानं बाला बोलावलं. मी संगं होतो, चौदा वर्साचा. मास्तरानं इचारलं, लॅम्प म्हंजी तुम्हीच का? मला वाटलं, बा आता खरं सांगल. बानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग खिडकीत तू बसला व्हता तिकडं. आन् म्हणाला, व्हय साहेब, मीच.

 घरी येताना रेल्वेच्या फाटकापाशी येवढंच म्हणाला, पोरगं आत बसतंय, बसू दे.

मला कुणी शाळेत घातलं नव्हतं, जयराम. माझ्यापाशी बाचं नाव सोडून दुसरं काय व्हतं? ते धरून बसलो. आन् तू दगडावरून तेबी पुसलं, मला न इचारता. राग त्याचा हाय. पोरानं घाबरून सांगितलं त्याचा कधीच नव्हता.

कागद सुधानं नवा केला, चार ओळींचा. काल तालुक्याला जाऊन अंगठा दिला. टपालात टाकत नाय, लय मोलाचा हाय. गुरवारी मीच घेऊन येतो. उत्तराला म्हणावं जेव.

तुझं घर मी पाह्यलं नाय, आन् पाटी मला वाचता येत नाय. स्टेशनावर उतरून माणसांना इचारावं लागल, लॅम्प गुरुजी कुठं ऱ्हातात म्हणून.

इचारीन.

माया ऱ्हाऊ दे.

तुझा थोरला,
मल्हारी काळू
(डाव्या हाताचा अंगठा)