दोन स्टॉप जास्त

४ डिसेंबर
—आणि मी बटण दाबायच्या आत बाबांनी कॅमेऱ्याची रिंग फिरवली! दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड. समोर नर्स, गणवेश पांढराशुभ्र, मागे उन्हाची खिडकी. बाई काळी. उजेडाचं मीटर तिच्या गालाशी धरून मी आकडा काढला होता. बाबांना मीटर लागत नाही. काळं माणूस दिसलं की दोन स्टॉप. मुरलेला हात म्हणे!

५ डिसेंबर
नर्स फोटो न्यायला आली. बघतच राहिली.
"ही कोण?"
"तुम्हीच, ताई. जरा उजळ आलाय," बाबा म्हणाले.
"ओळखपत्रासाठी हवाय हो. गेटवरचा मला आत तरी सोडेल का?"
मला हसू आलं. बाबांना नाही. फोटोत नाक गेलंय, ओठ गेलेत, खिडकी गालात शिरलीय. बाबांना चहाला पिटाळलं, पडदा ओढला, माझ्या आकड्यावर पुन्हा काढला.

६ डिसेंबर
कडाक्याचं भांडण. "गिऱ्हाइकाला उजळच हवं असतं. तू शिकवू नकोस."
आईला हवं होतं? ती गेली आणि भिंतीवर लावायला तिचा चेहरा नाही घरात! फोटोग्राफरच्या बायकोचा! डबाभर फोटो, सगळीकडे कुंकवाखाली पांढरा डाग. हनुवटीवरचा व्रणसुद्धा नाही.
"आईचं तोंड पुसून टाकलंत तुम्ही!"
"हळू बोल. दुकान आहे."

७ डिसेंबर
बाबा अर्ध्या जेवणातून ताट सरकवून उठले.

८ डिसेंबर
आईच्या निगेटिव्ह काढल्या. काळ्याकुट्ट. उजेड जास्त झाला की निगेटिव्ह काळी होते, पण चेहरा तिच्यात शिल्लक असतो. तो कागदावर उतरवायला वेळ द्यावा लागतो. बाबांनी कधीच दिला नाही. मी चौपट वेळ दिला.
रसायनाच्या ट्रेमध्ये आधी व्रण आला. मग ओठ. मग डोळे.
आई चिडलेली आहे. थेट लेन्समध्ये, बाबांकडे बघतेय. दुसरी निगेटिव्ह छापली, तिसरी. तेच! मला वाटायचं, कॅमेऱ्यासमोर लाजायची.
एक फोटो मोठा करून बाबांच्या टेबलावर ठेवला. बघा म्हणावं.

९ डिसेंबर
सकाळी बाबा फोटो घेऊन बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रंगाचं काही नव्हतं गं. हे डोळे मला छापवत नव्हते."
मग खिळा शोधला. फोटो दुकानात लावला, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर.